लहानीचे दात आणि आमची बंद न्हाणी

आमच्या वैशाखरे गावात माझ्याहून थोरलं कुणी भेटलं तर त्याचं नाक नीट बघा. सरळ असेल तर ते लहानीनं ओढलेलं आहे. बसकं असेल तर त्याच्या आईनं दुसऱ्या कुणाला तरी बोलावलं होतं आणि आता पस्तावून उपयोग नाही.

लहानी घाटाच्या पायथ्याच्या पाड्यात राहायची. नाव लहानी, पण दारात उभी राहिली की चौकट भरून जायची. गावातली बाळंतपणं तीच करायची आणि बाळ-बाळंतिणीला न्हाऊही तीच घालायची. हाताला माया होती असं म्हणणार नाही. पोर पायांवर आडवं घेतलं की ती त्याला तेलानं असं रगडायची, पाठीवर अशा चापट्या द्यायची, पाय धरून असं उलटं लोंबकळवायची की पहिलटकरणीची आई आतल्या खोलीत जाऊन कान झाकून बसायची. बाळंतिणीच्या कमरेवर कढत पाण्याचे सपकारे मारताना बाई ओरडली, तर लहानी आणखी एक मारायची. "बोंबल, बोंबल. हाडं बसतायत," म्हणायची. तिच्या हातची बाळंतीण सव्वा महिन्यानं उठून डोक्यावर दोन हंडे घेऊन चालायला लागायची, म्हणून सगळ्या निमूट मार खायच्या.

तिचा नवरा चांगो. लग्नानंतर वर्षाच्या आत त्यानं तिच्यावर कोयता उगारला होता. तिनं कोयता हिसकावला, चांगोला उताणा पाडला आणि छातीवर बसून त्याच्या तोंडात चुलीतली राख कोंबली. पुढे ती दोघं सुखानं नांदली.

न्हाऊ घालून झालं की तिचं खरं काम सुरू व्हायचं, असं आई सांगायची. न्हाणीतलं पाणी खराट्यानं काढायचं, दगडावर राख टाकायची, निखाऱ्यावर ववा आणि लसणीची सालं घालून धूर करायचा, आणि दगड हाताला कोरडा लागेपर्यंत तिथून हलायचं नाही. ओल म्हटली की तिचं डोकं फिरायचं. पोराच्या मानेच्या वळीत, काखेत, बोटांच्या बेचक्यात पाणी राहिलेलं दिसलं, तर आजी असो नाहीतर मावशी, पुसणारीच्या हातावर फटका बसायचा. आणि जाताना उंबऱ्यावर बसून चहा पिताना ठरलेलं बोलणं: "आख्ख्या गावाला मी न्हाऊ घातलाय. मी मेले का मला तुमी घाला. पन घासून, हां! अर्धवट न्हाऊन मी जायची नाय."

बायका हसायच्या. लहानीला मूलबाळ नव्हतं. ती हसायची नाही.

आता राघोची गोष्ट. राघो माझा बाप. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी जे लिहीन ते परक्याची निंदा म्हणून कुणी वाचणार नाही. घरचीच आहे, हक्काची आहे.

आमच्या आजोबांचा मिठाचा धंदा होता. खाडीवरून गाड्या भरून मीठ यायचं आणि आमच्याकडून बैलांच्या पाठीवर लादून माळशेज घाटानं वर जुन्नरकडे जायचं. घराच्या मागच्या अंगाला दगडविटांची एक खोली होती, तिच्यात आढ्यापर्यंत गोण्या रचलेल्या असायच्या. पुढे देशावर मीठ रेल्वेनं जायला लागलं, आमचे बैल विकले गेले, आजोबाही गेले, आणि खोली रिकामी पडली. हे सगळं गावाला ठाऊक होतं. इतकं ठाऊक होतं की पुढे जेव्हा आठवायला हवं होतं तेव्हा एकालाही आठवलं नाही.

सन तेहेतीस-चौतीसच्या सुमाराला बाप कल्याणला एका नातलगाकडे गेला आणि तिथं त्यानं बंद न्हाणी पाहिली. चारी बाजूंनी भिंती, वर छप्पर, दाराला आतून कडी. बाप परत आला तो ती कडीच डोक्यात घेऊन. तोवर आमच्याकडे सगळे परसात कारवीच्या कुडामागं आंघोळ करत. कुडाला शेण सारवलेलं, वर पेंढा, फटीफटीतून वारा. पाणी सांडलं की दुपारपर्यंत सुकून जायचं. बापाला ते रानटी वाटायला लागलं. त्यानं गाडीतून सिमेंटची पोती आणली, मिठाच्या खोलीला आतून गिलावा करवला, खाली फरशी घातली, वर सडलेली कौलं काढून नवेकोरे पत्रे ठोकले. वैशाखऱ्यापासून मुरबाडपर्यंत अशी न्हाणी नाही, असं तो सांगायचा. मुरबाडात होत्या, पण त्याला तिथं कोण आत घेऊन दाखवणार? लोक बघायला येत. बाप आत जाऊन कडी लावून दाखवायचा, मग काढून दाखवायचा.

लहानीही आली. तिनं भिंतीवर थाप मारली, वर पत्र्याकडे पाहिलं.

"राघ्या, वाफ जायची कुठून रे?"

"दार हाय ना."

"दाराला तर तू कडी लावलीस."

उत्तर सुचलं नाही की बापाला राग यायचा. राग आला की तो समोरच्याचं काहीही न ऐकता त्याला वेडा ठरवायचा. ही खोड त्याला शेवटपर्यंत होती.

त्याच पौषात माझ्या आईचं, सरस्वतीचं, पहिलं बाळंतपण झालं. मुलगा. लहानीनं पहिल्याच दिवशी हंडाभर कढत पाणी घेतलं, पोर पायांवर घेतलं, टाळूवर तेल थापलं. वाफ वर गेली, थंडीनं गार पडलेल्या पत्र्याला लागली, आणि तिचं पाणी होऊन टपकन त्या पोराच्या टाळूवर पडलं. पोरानं श्वास कोंडला. दुसरा थेंब पडला. लहानीनं पोर छातीशी धरलं आणि पत्र्याला, सिमेंटला आणि माझ्या बापाच्या सात पिढ्यांना अशा शिव्या दिल्या की रस्त्यानं जाणारे गाडीवान गाड्या थांबवून ऐकत राहिले.

तिनं हात टेकले नाहीत. पत्र्याखाली गोणपाट ताणून बांधलं. बापाकडून पत्र्यावर पेंढा घालून घेतला. कोपऱ्यात शेगडी ठेवली. थेंब कमी झाले, पण भिंती तशाच. भिंतींवरून पाणी ओघळायचं. न्हाऊन तास झाला, दोन तास झाले, राख टाकली, धूर केला, तरी भिंत हाताला गार आणि ओलीच. शेवटी एके सकाळी ती पहार घेऊन आली आणि कुणाला न विचारता पुरुषभर उंचीवर दोन विटा फोडून तिनं झरोका पाडला. वाफ भसाभस बाहेर गेली.

बाप धावत आला. रस्त्यावर गाडीवान थांबतात, आणि घरची बाई आंघोळ करते त्या खोलीला भोक? त्यानं लहानीला ढकललं. लहानीनं त्याच्या मुस्कटात मारली. पंचविशीतला कर्ता पुरुष, डोईला टोपी, आणि अंगणात सगळ्यांदेखत मुस्कटात! "तुझं नाक मी ओढलंय, भाड्या," ती म्हणाली, "ते नीट ओढलं असतं तर तुला वास तरी आला असता कुबट." बापानं त्याच दुपारी झरोका विटांनी बुजवला आणि वरून सिमेंट थापलं. झरोक्यापेक्षा गाल जास्त झोंबत होता, दुसरं काय.

पोर महिन्याचं व्हायच्या आत त्याची छाती भरली. आईच्या मांडीवर श्वास ओढून ओढून गेलं.

बापानं शोक केला, मी नाही म्हणत नाही. पण त्याचा शोकही सिमेंटचा. न्हाणीच्या भिंतीला फुगवटे आले होते, ते त्यानं खरवडून काढले आणि नवा गिलावा घातला. उन्हाळ्यात भिंतीवर पांढरी लव उगवली. बोट लावलं की भुकटी पडायची. चुना फुटला, असं सगळे म्हणाले. आभाळ भरून आलं, की आत कुणी तांब्याभर पाणी ओतलेलं नसलं तरी भिंतीला घाम सुटायचा. पुन्हा गिलावा, पुन्हा लव, पुन्हा घाम. त्या भिंतीनं बापाला असा पिसाळून सोडला की तो रात्रंदिवस तिच्याबद्दलच बोलायचा.

दोन वर्षांनी भर आषाढात दुसरा मुलगा झाला. लहानी म्हणाली, मी गोठ्यात न्हाऊ घालीन, तिथं धग असते, वारा खेळतो. बाप म्हणाला, माझ्या घराण्याचं पोर शेणात न्हाणार नाय. लहानीनं आईकडे पाहिलं. आईनं मान खाली घातली. "तेव्हा बोलले असते तर," असं आई मला पुढे अनेकदा म्हणाली आणि प्रत्येकदा वाक्य तिथंच सोडून दिलं. पोर न्हाणीतच न्हालं. तेही गेलं, पहिल्यासारखंच, छाती भरून.

आणि मग भिंतीवर बाई उमटली.

लहानी न्हाऊ घालायला बसायची त्या जागेच्या मागं ओल वर चढली होती. खाली रुंद, वर निमुळती, आणि डोक्याच्या जागी पांढरी लव पसरलेली, केस मोकळे सोडावेत तशी. मी ती भिंत पाहिलेली नाही, पण पाहणारे सगळे सांगत, हुबेहूब लहानी. साहजिकच होतं. तिथं ती पाठ टेकून बसायची, अंगावरचं पाणी भिंतीला लागायचं, ओल तिच्याच आकाराची येणार. पण दोन पोरं गेलेल्या घराला साहजिक गोष्ट दिसत नाही. बापानं टोकावड्याच्या बाजूचा धाकलू भगत बोलावला. धाकलूनं तांदूळ टाकले, घुमला, आणि भिंतीकडे बोट केलं. "जिनं खाल्ली तीच उमटलीय. भुताळी."

भुताळी म्हणजे काय ते ज्यांना ठाऊक नाही त्यांचं नशीब थोर. एकदा का बाईला हे नाव लागलं की तिच्या सावलीतून पोरं ओढून घेतात. तिच्या हातचं पाणी नाही, तिला दारात उभं करणं नाही. मेली तर तिच्या प्रेताला कुणी हात लावत नाही. न न्हाऊ घालता तसंच ओढून नेऊन ओहळाच्या कडेला टाकतात. लहानीनं आयुष्यभर उंबऱ्यावर बसून जे मागणं मागितलं होतं, नेमकं तेच हे नाव हिरावून घेतं.

आईची कंबर धरलीय, रगडायला ये, असा निरोप बापानं पाठवला. ती भर दुपारी तेलाची वाटी घेऊन आली. न्हाणीच्या दारात बापानं तिला आत ढकललं. आत धाकलू होता आणि गावातले दोन दांडगे गडी होते. तिनं पहिल्याच्या हाताला चावा घेतला तो हाडापर्यंत. दुसऱ्याला तिनं हंड्यावर आपटला. पण तिघे आणि बाप मिळून चौघे. तिचे केस धरून त्यांनी तिचं तोंड भिंतीवर दाबलं.

"चाट," धाकलू म्हणाला. "आपली ओल आपन चाट. परत घे."

ती चाटेना. बापानं तिच्या पाठीत लाथ घातली. माझ्या बापानं. ज्या बाईच्या पायांवर आडवा पडून त्यानं पहिलं पाणी अंगावर घेतलं, तिच्या पाठीत. हे लिहिताना मला त्याचा राग येतो. तो मेला तरी येतो, आणि मी तो आवरणार नाही.

चौथ्या की पाचव्या लाथेला तिनं जीभ भिंतीला लावली. आणि थांबली. पुन्हा लावली. मग ती हसायला लागली. ओठ फुटलेले, नाकातून रक्त, आणि बाई हसतेय.

"मीठ हाय रे! राघ्या, मीठ! तुझ्या बापाच्या गोन्यांचं मीठ! भित पिऊन बसलीय ते. त्याला पानी सुटतंय, मड्या, मला काय धरतोस!"

बापाचा हात क्षणभर सैल पडला, असं त्या गड्यांपैकी एकानं पुढे आईला सांगितलं. तेवढ्यात धाकलू ओरडला, "रगत लागतंय तिच्या तोंडाला, तेच खारट लागतंय! मंतर म्हणंल आता, दात पाडा तिचे!" भुताळीचे पुढचे दात पाडले की तिचा मंत्र फुटका होतो, अशी समजूत. पाय घासायचा मोठा काळा दगड कोपऱ्यात पडला होता. धाकलूनं तो उचलला.

मार खाताना लहानी शिव्या देत होती. दात पडल्यावर शिव्या थांबल्या. तिला फरफटत अंगणात आणून टाकलं, भोवती बायापोरं जमली होती, त्यांतल्या अर्ध्या पोरांची नाकं तिनंच घडवलेली. ती त्यांच्याकडे बघून एकच वाक्य बोलली, दात नसल्यानं फुसफुसत: "आता मला कोन न्हाऊ घालील गो?"

चांगोनं येऊन तिला पाठीवर घातलं आणि पाड्याकडे घेऊन गेला.

आई ओसरीच्या खांबाला धरून उभी होती. सगळे पांगल्यावर ती न्हाणीत गेली, तिनं दाराला कडी लावली, आणि भिंत चाटली. लहानी बसायची तिथं नाही, रक्त उडालं होतं तिथंही नाही. पार दुसऱ्या कोपऱ्यात. खारट. दारामागं खारट, खिळ्याच्या भोकाशी खारट, बुजवलेल्या झरोक्याखाली खारट. पावसाळ्यात चुलीजवळच्या मिठाच्या मडक्याला पाणी सुटतं, हे आईला रोज दिसत होतं. त्याच मडक्यात आपण आपली दोन्ही पोरं न्हाऊ घातली, हे तिला त्या दिवशी कळलं.

तिनं बापाला सांगितलं. बापानं तिला मारलं. बायकोनं भिंत चाटून शोध लावावा, ही काय रीत झाली? पण त्या दिवसापासून आई त्या न्हाणीत गेली नाही. परसात चार फळ्या उभ्या करून उघड्यावर आंघोळ करायची. बापानं तिच्यावर हात टाकला की ती एकच शब्द बोलायची, "मीठ." मार थांबेपर्यंत तोच शब्द. शेवटी बापाचा हात पडायचा थांबला.

अडतीस साली माझी वेळ आली. मी पायाळू. पाय पुढे, डोकं मागे. गावातल्या दुसऱ्या बाईनं तपासलं आणि हात धुऊन घरी निघून गेली. आई गोठ्यात पडली होती. ती बापाला म्हणाली, "लहानीला आना. नायतर दोघांना एकत्र जाळा." सूर्य डोक्यावर आलेला. बाप पाड्याची चढण धापा टाकत चढला. लहानी दारात करवंटीत कसलंतरी मूळ उगाळत बसली होती. दोन वर्षांत तिला कुणी बोलावलं नव्हतं. बापानं तिचे पाय धरले.

तिनं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. पदर खोचला आणि उतारावरून धावत सुटली. धावता धावता मागं वळून म्हणाली, "आधी पोर. मग तू."

तिनं मला कशी ओढली ते आईलाच माहीत. मी निळी होते, रडत नव्हते. तिनं पाय धरून मला उलटं केलं आणि इतक्या जोरात चापटी मारली म्हणे की गोठ्यातल्या म्हशीनं दावं तोडलं. मग मी रडले.

बारा दिवस ती रोज आली. गोठ्याच्या बाजूला तिनं स्वतः कारवीचा कुड उभा केला, वरून अर्धा उघडा. तिथं आम्हां दोघींना न्हाऊ घालायची, राख टाकायची, धूर करायची, दगड हाताला कोरडा लागला की उठायची. जाताना ओसरीवर बसलेल्या बापाकडे पाहायची आणि निघून जायची. 'मग तू' हे दोन शब्द बापाच्या घशात काट्यासारखे अडकले होते. त्याला जेवण जाईना. तिसऱ्या दिवसापासून तो तिला पाहिलं की उठून उभा राहायला लागला.

बाराव्या दिवशी माझं बारसं. मला गिरजा नाव ठेवलं. गाव जमलं होतं. बापानं लहानीपुढे लुगडं-चोळी ठेवली. तिनं ती पायानं सरकवली.

"चल," ती म्हणाली.

ती न्हाणीकडे गेली, मागं बाप, मागं अख्खं बारसं. आई मला छातीशी घेऊन दारात उभी राहिली. बापाला कुणी धरलं नव्हतं, कुणी ढकललं नव्हतं.

"चाट."

त्यानं भिंतीला जीभ लावली.

"काय लागतं?"

"मीठ."

"मोठ्यानं."

"मीठ!" बाप ओरडला, आणि ओरडता ओरडता रडायला लागला. "मीठ हाय! माझ्या बापाचं मीठ हाय!"

लहानीनं हंड्यावरचा पितळी तांब्या उचलला आणि खांद्यापासून हात फिरवून त्याच्या तोंडावर हाणला. बाप गुडघ्यावर आला. फरशीवर रक्त पडलं आणि रक्तात त्याचे पुढचे दोन दात. जमलेल्यांतलं कुणी पुढे झालं नाही. लहानीनं पहार आणून त्याच्यापुढे टाकली. "आता फोड."

तोंडातून रक्त गळत असताना बापानं भिंत फोडली. पहिला घाव लहानीच्या आकारावर. सिमेंट पापुद्र्यांनी सुटलं, आतल्या विटा ओल्या भाकरीसारख्या हातात येत होत्या. पत्रे कोसळले, एक त्याच्या खांद्यावर पडून मांस फाटलं, तरी तो थांबला नाही. संध्याकाळपर्यंत तिथं दगडांचा ढीग होता. म्हशी कितीतरी दिवस तिथल्या विटा चाटत उभ्या राहायच्या. भगताला जे कळलं नाही ते म्हशींना कळलं.

इथं गोष्ट संपली असती तर किती बरं झालं असतं. पण भगत कधी हरत नाही. धाकलू बाजारात सांगत फिरला, "भितीचं मीठ केलं ते कुनी? भुताळी हाय म्हनूनच केलं." लोकांना ते पटलं. ज्यांनी बारशाला डोळ्यांनी पाहिलं त्यांनाही पटलं. भिंत फोडता येते, लोकांच्या डोक्यातली भिंत कशानं फोडणार? मी सोडून लहानीच्या हातून एकही पोर पुढे न्हालं नाही. मी मात्र पाच वर्षांची होईस्तोवर तिच्या पायांवर मार खाल्ला. माझं नाक पाहा हवं तर.

चांगो लढाईच्या दिवसांत तापानं गेला. लहानी एकटी उरली. आई सणासुदीला पुरणपोळी घेऊन वर जायची, सोबत मी. लहानीला पोळी चावता यायची नाही, ती दुधात कुस्करून घ्यायची. बाप कधी वर आला नाही. कुणी त्याला दातांबद्दल विचारलं की म्हणायचा, न्हाणीत पाय घसरला. त्याचं हसणं पुढे कायम फुसफुसतच राहिलं, तिच्यासारखं.

देश स्वतंत्र झाला त्याच्या पुढल्या पावसाळ्यात लहानी गेली. सकाळी पाड्यातला एक माणूस अंगणाबाहेर उभा राहून सांगून गेला. तिला कुणी हात लावणार नव्हतं. दुपारी दोरी बांधून ओहळाकडे नेणार होते.

आई जेवत्या ताटावरून उठली. तिनं तेल घेतलं, डाळीचं पीठ घेतलं, जुनं मऊ लुगडं घेतलं. मला म्हणाली, "चल." मग माजघरात जाऊन तांब्याचा मोठा हंडा ओढायला लागली. पाड्यात तिला कुणी भांडं देणार नव्हतं. बाप ओसरीवर बसला होता. तो उठला. त्यानं आईच्या हातून हंडा घेतला, विहिरीवर भरला, खांद्यावर घेतला आणि पावसात चढणीला लागला. फाटलेल्या मांसाचा वण असलेला तोच खांदा. वाटेत तो तीनदा बसला आणि तीनदा उठला.

पाड्यातली माणसं लांब उभी होती. एकानं आवाज दिला, "सरसाबाय, हात लावू नको, वंश बुडंल." आईनं तिकडे न बघता चूल पेटवली. पाणी तापलं. बाप आत यायला लागला तशी तिनं त्याला दारातच अडवलं. तो बाहेर चिखलात उभा राहिला, टोपी हातात घेऊन, सगळ्या पाड्यादेखत.

आईनं लहानीला न्हाऊ घातलं. घासून. तळपायाच्या भेगा दगडानं घासल्या, केस धुतले, पाठीवर हात फिरवताना लाथांची जुनी गाठ लागली तिथं क्षणभर थांबली आणि पुन्हा घासायला लागली. मी पाणी ओतत होते. पाणी गार पडलं तर आईनं माझ्या हातावर फटका मारला, अगदी लहानीसारखा. मग तिनं लुगड्यानं पुसायला घेतलं. मानेच्या वळीत, काखेत, एकेक बोट सुटं करून प्रत्येक बेचक्यात.

"आई, झालं की," मी म्हटलं. बाहेर माणसं खोळंबली होती आणि मला भीती वाटत होती.

"थांब," आई म्हणाली. "ओल ठेवायची नाय. तिला खपायची नाय."